गंजलेल्या बोल्टांचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या कॉलेजातल्या बाकांवर खडूने बैठक क्रमांक पडतात, पाण्याचे माठ व्हरांड्यात येतात आणि आम्ही शिक्षक तोंडाला कुलूप लावून वर्गावर्गांतून फिरायला लागतो. बारावीच्या पर्यवेक्षकाला बोलता येत नाही, वाचता येत नाही, आणि बसलेलं वरिष्ठांना आवडत नाही. मग मी खिडकीपाशी उभी राहते. परवा इतिहासाच्या पेपरला अशीच उभी होते. बाहेर करंजाची कोवळी पालवी उन्हात चमकत होती, गज चांगलेच तापले होते. कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला आणि तळहाताला वास आला. तापलेल्या, जरासा गंज चढलेल्या लोखंडाचा वास. समोर मुलं खाली मान घालून लिहीत होती आणि मी मात्र पोचले होते आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, फरशीवर पसरलेल्या पोत्यावर, हातात बारा-तेराचा पाना घेऊन.

तो उन्हाळाही असाच परीक्षांच्या आडून आला होता. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरात आम्ही तिघं, मी आणि माझे आईवडील. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी लेथवर सगळी नोकरी काढली. माझं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. विहारासमोरचं मोकळं मैदान, कारखान्याचा भोंगा, आणि संध्याकाळी त्या भोंग्यापाठोपाठ येणारा अण्णांच्या मोटरसायकलचा आवाज. दोन सायलेन्सरची ती जुनी टू-स्ट्रोक गाडी, जिची गिअरची दांडी वर उचलून फिरवली की तीच किकची दांडी होते. तिचा आवाज क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ओळखीचा होता. आई तो ऐकून चहाचं आधण ठेवायची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, पण अण्णांनी गाडी काही काढली नाही. निवृत्तीनंतर आम्ही कर्वेनगरला आलो तेव्हा सामानाआधी ती आली.

मग कधीतरी तिचं इंजिन धरलं, म्हणजे आतून जाम झालं. एका गॅरेजवाल्याने ते खोलायचा प्रयत्न केला, स्क्रूंची डोकी पार चुरमडून टाकली आणि हात वर केले. अण्णा म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी बघतो." त्या पुढच्या महिन्यात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. पुढे तो वाढला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच.

हात थरथरायला लागल्यावर अण्णा खाली उतरेनासे झाले. खडकीला तर जाणंच सोडलं. तिथले मित्र फोन करायचे, अण्णा म्हणायचे, "येतो, येतो." आई एकदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "चार माणसांत कप हातातून सांडतो ना, म्हणून. मला सांगत नाहीत, पण मला काय कळत नाही?"

अशात सोसायटीच्या फलकावर सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात एक सूचना लागली. "पार्किंगची जागा वाहनांसाठी आहे, वाहनांच्या अवशेषांसाठी नाही. न चालणारी वाहने एप्रिलअखेर भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यात येतील." मी ती घरी वाचून दाखवली. आई म्हणाली, "न चालणारी माणसं कुणाच्या स्वाधीन करणार आहेत, ते पण विचार त्यांना." मला हसू आलं. अण्णा मात्र हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देऊन टाक."

ज्या माणसाने बदलीपेक्षा, बढतीपेक्षा, कशाहीपेक्षा त्या गाडीला जपलं, तो इतक्या सपाट आवाजात "देऊन टाक" म्हणाला होता. गाडी गेली असती तर मला फार वाईट वाटलं नसतं. पण त्या आवाजाची मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पेपर संपवून आले, जुना पंजाबी ड्रेस चढवला, अण्णांची पत्र्याची हत्यारपेटी माळ्यावरून काढली आणि खाली गेले. ताडपत्री ओढली. आतून पालींची आणि जुन्या ऑइलची मिळून एक कोंदट वाफ आली. मोटरसायकल खोलण्याचा मला काही अनुभव नव्हता. स्कूटर चालवत होते, एवढाच काय तो संबंध. पेटीतला एक पाना घेतला, दिसेल त्या नटला लावला आणि जोर केला. पाना सटकला. परत लावला, परत सटकला. नटाच्या कडा मऊ व्हायला लागल्या.

"थांब."

वर बघितलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत अण्णा कठडा धरून उभे होते.

"नट गोल करते आहेस तू. आवाज येतोय मला इथवर."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. मी येतो."

ते भिंतीला धरत जिना उतरून आले. किती दिवसांनी उतरत होते, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मी प्लास्टिकची खुर्ची दिली, ते बसले. उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. मग मला म्हणाले, "हा पाना एका आकड्याने मोठा आहे. छोटा घे. आणि आधी आवळ."

"अण्णा, मला काढायचा आहे."

"तेच सांगतोय. गंजलेला नट सोडवायचा तर आधी किंचित आवळायचा. गंजाची पकड तुटते. मग सैल कर. पुन्हा जरा आवळ. त्याला घाई चालत नाही."

मी आवळला. अगदी केसभर. आतून 'कट्ट' असा बारीक आवाज झाला. मग उलट फिरवला आणि तो नट, ज्याने मला मघापासून घामाघूम केलं होतं, मुकाट्याने निघून आला. माझ्या तळहातावर तो आला तेव्हा मला बारावीला पहिली आल्यासारखा आनंद झाला. अण्णा म्हणाले, "एक झाला." आणि पुढच्या नटाकडे बोट दाखवलं. ते बोट थरथरत होतं, पण नेमकं तिथेच दाखवत होतं.

त्यानंतर आमचं एक वेळापत्रकच झालं. सकाळी पर्यवेक्षण, दुपारी घरी येऊन जेवण, मग उन्हं कलताना पार्किंग. आदल्या दिवशी आटे डिझेलने भिजवून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी सोडवायचे. बाजूला सोनचाफ्याचं झाड होतं. एका नाकपुडीत चाफा आणि दुसरीत डिझेल, अशा त्या संध्याकाळी. आजही कुणी चाफ्याची फुलं हातात दिली की मला वाटतं यात काहीतरी कमी आहे.

नट निघत होते, पण इंजिनाच्या झाकणाचे स्क्रू निघेनात. त्यांची डोकी त्या गॅरेजवाल्याने पार झिजवली होती. स्क्रू ड्रायव्हर लावला की नुसता गरगरा फिरायचा. अण्णांच्या पेटीत इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचं एक आखूड, जाड हत्यार होतं. त्याचं टोक स्क्रूवर धरायचं आणि बुडावर हातोडा घालायचा. घाव बसला की टोक आत रुततं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. मी एका हाताने धरून दुसऱ्याने मारून पाहिलं. घावात जोर येईना. एका हाताचं ते काम नव्हतंच.

"दोन हातांनी धरायला हवं," मी म्हटलं. "अण्णा, तुम्ही मारा."

ते एकदम आक्रसले. "वेड लागलंय का तुला? हा हात बघ. घाव तुझ्या मनगटावर बसेल."

"बसू दे."

"तू फळ्यावर लिहितेस त्या हाताने."

"मारा, अण्णा."

मी ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला आणि वर बघितलंच नाही. बघितलं असतं तर त्यांनी मारला नसता. हातोडा उचलल्याचं कळलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ठण्. घाव थेट बुडावर बसला. माझे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. स्क्रू हलला नव्हता, पण मी डोळे उघडून पाहिलं आणि माझ्याआधी अण्णाच आपल्या हाताकडे बघत होते. हातोडा धरलेला तो हात स्थिर होता.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हा कंप हात रिकामा असताना जास्त असतो, कामात असला की पुष्कळांचा कमी होतो. आम्ही ते ऐकलं होतं आणि घरी येऊन अण्णांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं होतं. भाजी मी चिरते, दाढीचं सामान मी काढून देते, तुम्ही बसा.

"पुन्हा धर," अण्णा म्हणाले. आवाज बदलला होता. तो त्यांच्या कारखान्यातला आवाज असावा, मी तो कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या का चौथ्या घावाला स्क्रू फिरला. मग दुसरा, मग तिसरा. एकाचं डोकंच उरलं नव्हतं, त्यावर हॅक्सॉच्या करवतीने नवी खाच पाडली आणि त्या खाचेत टोक बसवून तोही काढला. झाकण सुटलं तेव्हा आतलं काळं, घट्ट ऑइल पोत्यावर सांडलं आणि अण्णांच्या पांढऱ्या पायजम्यावर त्याचे शिंतोडे उडाले. आई खाली आली, पायजम्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान. आता हा कुठल्या साबणाने निघतो ते पण सांगा." पण ती परत गेली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून बघत राहिली.

आईचं योगदान मी इथे नोंदवलं नाही तर घरात जेवायला मिळायचं नाही. क्लचच्या आतला मोठा नट दोन संध्याकाळ हलला नव्हता. तापवला, भिजवला, पान्याला लोखंडी नळी लावून लोंबकळले. अण्णा म्हणाले, "धरलाय आतून." आई पायरीवर मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "उलटा फिरवून बघ. या माणसाच्या गाडीत काही सुलट असेल असं मला वाटत नाही." मी थट्टेतच पाना उलट्या बाजूला ओढला. नट सुटला. तो उलट्या आट्याचा होता आणि आम्ही दोन दिवस तो जीव खाऊन आवळत होतो. अण्णा कपाळावर हात मारून म्हणाले, "विसरलो होतो की हा." मग हसायला लागले. खांदे हलवत, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईने मटाराची टोपली उचलली आणि ऐटीत वर गेली.

पण सगळंच असं हसत सुटलं नाही. सिलिंडर धरून ठेवणारे चार लांब स्टड असतात, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे. त्यांतल्या एकाचे वरचे आटे गेले होते, बदलायलाच हवा होता. मी तो फिरवायला घेतला. हाताला काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं. आटे सुटताना जो भास होतो तसाच. मी खूश होऊन आणखी फिरवला आणि अर्धा स्टड माझ्या हातात आला. उरलेला इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात, जवळपास पृष्ठभागाच्या पातळीत, तुटून बसला होता. पाना लावायला जागा नाही, पकड घ्यायला काही नाही.

अण्णांनी वाकून पाहिलं. बोट फिरवलं. "झालं," म्हणाले. "ड्रिल मारलं तर बिट कडेच्या मऊ धातूत घसरेल. खोकं गेलं की गाडी गेली. हे खोकं आता मिळत नाही." आणि उठून जिना चढून गेले. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. गॅलरीची खिडकीसुद्धा लावलेली. जेवताना उजवा हात ताटाच्या कडेवर वाजत होता. एप्रिल उजाडला होता. सेक्रेटरी मला जिन्यात भेटले आणि अगदी नम्रपणे विचारते झाले, "मॅडम, पूर्वी तिथे एक गाडी होती, आता तीन पोती सुटे भाग आहेत. ही प्रगती समजायची का?"

पण त्या वेळी माझं लक्ष त्यांच्या मागे होतं. सोसायटीच्या फाटकाची बिजागरी तुटली होती आणि ती जोडायला वेल्डिंगचं छोटं मशीन घेऊन सुरेखाताई आल्या होत्या. वारजे रस्त्याला त्यांची आणि त्यांच्या नवऱ्याची ग्रिलची शेड आहे. त्या काच लावलेला मुखवटा तोंडापुढे धरून बिजागरी जोडत होत्या. निळा-पांढरा उजेड, आणि तो विझल्यावर लालभडक झालेलं लोखंड हळूहळू काळं पडत होतं. तापलं की पसरतं, निवलं की आकसतं. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेलं वाक्य. मी फाटकापाशी गेले.

"ताई," मी म्हटलं, "तुटलेल्या दांड्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग करता येईल का? दांडा लोखंडी आहे, भोवती ॲल्युमिनियम."

त्या आल्या, उकिडव्या बसून बघितलं. "असं कधी केलं नाही मी. भोवतालचं वितळलं तर?"

"तुमची वेल्डिंगची कांडी ॲल्युमिनियमला चिकटत नाही ना?"

"चिकटत नाही. पण वेळ लागला तर तापेल."

"मग वेळ लावायचा नाही. एकदम करायचं, थांबायचं, निवू द्यायचं."

त्यांनी मुखवटा खाली केला, मला तोंड फिरवायला सांगितलं. पेट्रोलची टाकी तर आमच्या गॅलरीत होती, त्याची चिंता नव्हती. चर्रर्र असा आवाज झाला आणि जळक्या धातूचा वास पसरला. मी वळले तेव्हा तुटक्या स्टडच्या डोक्यावर एक लालबुंद नट बसलेला होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. लालचा तांबूस झाला, तांबूसचा करडा. सुरेखाताई म्हणाल्या, "चहा निवतो तसं बघतोय आपण." मग हात झटकून म्हणाल्या, "फिरवा आता. तुमचा आहे, तुम्हीच फिरवा."

मी पाना लावला. आधी आवळला. केसभर. कट्ट. मग सैल केला. तो फिरला. इतका सहज फिरला की माझा विश्वास बसेना, मी थांबून पुन्हा पान्याकडे बघितलं. पुढचे आटे तर मी नुसत्या बोटांनी सोडवले, फडक्यात धरून, कारण तो अजून चटका देत होता. सुरेखाताई म्हणाल्या, "अगं बाई, आला की." आणि आम्ही दोघींनी, धड ओळखही नसताना, एकमेकींचे काळे हात धरले.

मी जिना धावत चढले. अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी त्यांच्या हातात तो तुकडा ठेवला, वर वेल्डिंगचा बटाट्यासारखा गोळा, खाली गंजलेले आटे. ते उठून बसले. चष्मा लावला. फिरवून फिरवून पाहिला.

"खोक्यातले आटे?"

"शाबूत आहेत. नवा स्टड बोटांनी जाईल."

"वेल्डिंग केलंस? ॲल्युमिनियमच्या शेजारी?"

"हो."

"मला विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कर्वेनगरला राहून मला थोडं पुणेरी बोलता यायला लागलं आहे, हे त्यांच्या त्या दिवशी बहुधा पहिल्यांदा लक्षात आलं. मग चपला शोधायला लागले.

पुढचं सगळं उताराला लागलेल्या पाण्यासारखं झालं. सिलिंडर घासून आणला, नवा पिस्टन बसवला, जुने स्क्रू फेकून नवे घातले. प्रत्येक नव्या स्क्रूच्या आट्यांना अण्णा स्वतः ग्रीस लावायचे. ग्रीस लावताना त्यांचं बोट थरथरायचं आणि त्यामुळे ते आट्यांत फार छान पसरायचं. हे त्यांनीच मला हसून दाखवलं. गाडीची कागदपत्रं मी रीतसर नवी करून घेतली होती, हे कुणी पुणेकर विचारायच्या आत सांगून टाकते.

गाडी सुरू झाली ती रविवारी सकाळी. मी किक मारत होते, अण्णा कार्बोरेटरशी वाकले होते. बऱ्याच किका वाया गेल्या. मग एकदा फट् झालं, मग फट्-फट्, आणि मग अख्खं पार्किंग निळ्या धुराने आणि त्या आवाजाने भरून गेलं. वरच्या खिडक्या उघडल्या. सेक्रेटरी बनियनवर खाली आले. धुरात उभे राहून त्यांनी गाडीला एक फेरी घातली आणि म्हणाले, "वाहन आहे, हे मान्य. आता ते बाहेर नेऊन चालवा." पण जाताना त्यांनी सीटवर हात फिरवला, तो मी पाहिला.

आज अण्णा आणखी थकलेत. पण भाजी तेच चिरतात, वेडीवाकडी चिरतात, आणि आम्ही तीच खातो. सोसायटीत कुणाचा नळ, कुणाची कडी अडकली की त्यांना हाक येते. ते हातोडा घेऊन जातात.

त्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी सकाळी मी अण्णांना मागे बसवून खडकीला नेलं. आई रिक्षाने आली, कारण तिची शुभ्र साडी होती आणि माझ्या चालवण्यावर तिचा विश्वास नव्हता. क्वार्टर्समध्ये निळे झेंडे लागले होते, विहारात वंदना नुकतीच संपली होती. आवाज ऐकून माणसं वळली. अण्णांच्या वयाचे चार-पाच जण चपला न घालताच मैदानापर्यंत आले. त्यांतल्या एकाने गाडीला हात जोडले, मग अण्णांना मिठी मारली आणि विचारलं, "कुणी केली रे?"

"लेकीने," अण्णा म्हणाले. "मी हातोडा मारला."

मग ते माझ्याकडे वळले. "उतर जरा."

मी उतरले. त्यांनी हँडल धरलं. हात स्थिर होता. मैदान मोकळं होतं, तरी मी एक पाऊल पुढे टाकलं. मी काही बोलायच्या आत आई पुढे झाली. साडीचा घोळ एका हाताने गोळा केला, अण्णांच्या खांद्यावर दुसरा हात ठेवला आणि एका बाजूला पाय सोडून मागच्या सीटवर बसली. कुणी म्हटलं, "वहिनी, जपून." आई म्हणाली, "चालवणाऱ्याला सांगा."

पहिल्या गिअरमध्ये, अगदी माणसाच्या चालीने, गाडी निघाली. मैदानाच्या कडेने, झेंड्यांखालून, विहारासमोरून. लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. आईचा पदर मागे उडत होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती, सरळ समोर बघत होती. माझे हात रिकामे होते, नखांत काळं होतं, आणि मी तिथे उभी राहून रडत होते. कुणी बघतंय की नाही याची पर्वा नव्हती. फेरी पूर्ण करून गाडी आमच्यापाशी आली. मला वाटलं, आता थांबतील. मी धरायला पुढे झाले.

ते थांबले नाहीत. अण्णांनी दुसरा गिअर टाकला.